प्रयोगशाळेची चावी कुणाकडं आहे?

पोस्ट मोठी आहे. घरात आठवी ते बारावीतलं लेकरू असेल तर पूर्ण वाचा. नसेल तरी वाचा, कारण विषय तालुक्याचा आहे.

मार्च २०२४ मध्ये आपल्या कवठे महांकाळचं नाव देशभरच्या बातम्यांत झळकलं. द्राक्षामुळं नाही, बेदाण्यामुळं नाही, म्हैसाळच्या पाण्यामुळंही नाही. मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेनं इरळीत छापा टाकला आणि एमडी, म्हणजे मेफेड्रोन, बनवण्याचा कारखाना उघडकीला आणला. शंभर किलोहून जास्त माल, किंमत दोनशे कोटींच्या वर. चार दिवस चौकाचौकांत चर्चा झाली, नेत्यांनी निवेदनं दिली, आम्ही पत्रकारांनी रकाने भरले. मग लोकसभेची निवडणूक आली आणि इरळी मागं पडली.

मला त्यातली एक गोष्ट अजून टोचते. एमडी बनवणं हा गुन्हा आहे, आणि त्यात वापरतात ते रसायनशास्त्र आहे. मोजून घ्यायचं, मिसळायचं, तापवायचं, गाळायचं, वाळवायचं. म्हणजे त्या महिन्यात तालुक्यात रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक कुठं नेमानं चालू असेल तर ते इरळीत. हायस्कूलांतल्या मी पाहिलेल्या बहुतेक प्रयोगशाळांना कुलूप होतं.

हे वाक्य कडू आहे, मला माहीत आहे. पण कडू आहे म्हणून खोटं नाही.

बातमीच्या निमित्तानं माझं शाळांत जाणं होतं. आपला तालुका, शेजारचा जत, तासगाव, मिरजेचा पूर्व भाग. नाव कुठल्याही शाळेचं घेणार नाही, कारण एका शाळेला उघडं पाडून काही साधत नाही. सगळीकडं चित्र कमी-जास्त तेच आहे. दारावर पाटी 'विज्ञान प्रयोगशाळा'. आत पोषण आहाराच्या तांदळाची पोती, गॅदरिंगची कमान, मोडके बाक. काचेच्या कपाटात बाटल्या आहेत, पण लेबलं आम्लाच्या वाफांनी खाल्लेली, त्यामुळं कुठल्या बाटलीत काय आहे हे सरांनाही सांगता येत नाही. परीक्षानळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तशाच बांधलेल्या. आणि भिंतीवर आवर्तसारणीचा तक्ता मात्र झकास, फ्रेम केलेला, कुणीतरी वाढदिवसानिमित्त भेट दिलेला, खाली देणगीदाराचं नाव मूलद्रव्यांपेक्षा मोठ्या अक्षरांत.

दहावीला विज्ञानाचे प्रात्यक्षिकाचे २० गुण असतात. ते कसे दिले जातात हे सांगायची गरज आहे का? जर्नल एका हुशार पोरीचं, बाकीच्यांनी उतरवून काढलेलं. परीक्षेच्या दिवशी कुलूप उघडतं, टेबलं पुसली जातात, आणि सगळ्यांना अठरा, एकोणीस, वीस. निकाल लागतो, बॅनर लागतात, पेढे वाटतात.

आता पुस्तकाकडं वळू. आपल्या बालभारतीचं विज्ञानाचं पुस्तक वाईट नाही, उलट चांगलं आहे. आठवीला 'अणूचे अंतरंग' आणि 'द्रव्याचे संघटन' असे दोन धडे आहेत. नववीला 'द्रव्याचे मोजमाप'. दहावीला 'मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण'. २०२३ मध्ये एनसीईआरटीनं दहावीच्या पुस्तकातून आवर्तसारणीचा धडा काढला तेव्हा देशभर आरडाओरडा झाला. अकरावीला आहेच की, मुलांवरचा भार कमी केला, असं त्यांनी सांगितलं. अकरावीला विज्ञान न घेणाऱ्या पोरांनी मेंडेलीव्हचं नाव कधीच ऐकायचं नाही का, हा प्रश्न तेव्हा बरोबरच होता. आपण महाराष्ट्रवाले तेव्हा कॉलर ताठ करून म्हणालो, आमच्या पुस्तकात आहे बाबा. आहे, खरं आहे. पण पुस्तकात ठेवून वर्गात न शिकवणं आणि पुस्तकातून काढून टाकणं यात पोराच्या डोक्याला काय फरक पडतो?

एका नववीतल्या पोरीला मी विचारलं, सोडियमचं इलेक्ट्रॉन संरूपण सांग. श्वास न घेता उत्तर आलं, "दोन, आठ, एक." मग विचारलं, चिमूटभर मीठ गॅसच्या ज्योतीवर टाकलं तर ज्योत पिवळी का होते? ती गप्प. मग म्हणाली, "काका, ते पेपरला येत नाही."

पोरगी हुशार आहे. तिनं व्यवस्था बरोबर ओळखली आहे.

अणूचा धडा बाकी धड्यांसारखा नाही, हे आधी समजून घ्या. पान, फूल, बेडूक, हाड हे दाखवता येतं. अणू दाखवता येत नाही. म्हणून तर तो शिकवताना पुरावा दाखवावा लागतो. न दिसणारी गोष्ट आहे हे माणसानं ओळखलं कसं, हाच त्या धड्याचा जीव आहे. थॉमसननं १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला. रुदरफोर्डच्या प्रयोगशाळेत सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले, बहुतेक आरपार गेले, पण काही हजारांत एखादा उलटा फिरला. त्या उलट्या फिरलेल्या कणांवरून १९११ मध्ये त्यानं सांगितलं की अणूच्या मधोमध एक चिमुकलं, जड केंद्र आहे. १९१३ मध्ये बोरनं इलेक्ट्रॉनच्या कक्षा सांगितल्या. १९३२ मध्ये चॅडविकला न्यूट्रॉन सापडला. प्रत्येकानं आधीच्याचं म्हणणं तपासलं आणि जिथं ते पुरावा धरून उभं राहिलं नाही तिथं मोडलं. ही चौकशी आहे, पोलीस तपासासारखी. आपण तिची सनावळी करून टाकली.

चौकशी काढून घेतली की उरतं काय? श्रद्धा. गुरुजी म्हणतात म्हणून अणू आहे. उद्या व्हॉट्सॲप म्हणेल म्हणून आणखी काही असेल. पोराला दोन्हींत फरक कळायचा कसा?

थॉमसनच्या अणूला 'प्लम पुडिंग' म्हणतात, हे सगळ्या पोरांना पाठ आहे. प्लम पुडिंग कुणी खाल्लंय तालुक्यात? गंमत बघा, त्या इंग्रजी पक्वान्नातला 'प्लम' म्हणजे जुन्या इंग्रजीत बेदाणाच. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात शेडच्या शेड बेदाण्यानं भरतात, तिथल्या पोराला हा अणू शिऱ्यातल्या बेदाण्यावरून एका मिनिटात कळेल. शिरा म्हणजे धनभार, त्यात रुतलेले बेदाणे म्हणजे इलेक्ट्रॉन. आणि रुदरफोर्डनं काय बदललं हे सांगायचं तर तोच एक बेदाणा एसटी स्टँडच्या मधोमध ठेवा. हे झालं अणूचं केंद्रक. आता अणूची कड कुठं? चारी बाजूंना अर्धा-अर्धा किलोमीटर लांब. मधे सगळी पोकळी. पुस्तकात हेच दहाचा उणे दहावा घात आणि उणे पंधरावा घात असं छापलंय, आणि पोरं घात पाठ करतात.

"पत्रकारसाहेब, शेतकऱ्याच्या पोराला अणू कळून काय करायचाय?" हे मला एका कार्यकर्त्यानं तोंडावर विचारलं. त्याचं उत्तर इथं सविस्तर देतो.

पहिली गोष्ट बोर्डो मिश्रणाची. मोरचूद आणि चुना. द्राक्षबागायतदाराला सांगायची गरज नाही. आपले जुने लोक मिश्रण झालं की त्यात लोखंडी विळ्याचं पातं बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, अजून घाला, नाहीतर पानं करपतील. ही चाचणी घराघरांत आहे. आता हे काय होतं? लोखंडाचा अणू आपले दोन इलेक्ट्रॉन सोडतो, द्रावणातलं तांबं ते घेतं आणि धातू होऊन पात्यावर बसतं. चुना पुरेसा असेल तर तांबं आधीच न विरघळणाऱ्या रूपात बांधलं गेलेलं असतं, म्हणून पातं स्वच्छ राहतं. मिश्रण लोखंडी भांड्यात करू नये, प्लॅस्टिकच्या पिंपात करावं, ते याच कारणानं. म्हणजे इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण आपल्या आज्यानं विळ्यावर बघितली आहे. त्याच्या नातवाला तीच गोष्ट 'विस्थापन अभिक्रिया' या नावानं पाठ करायला लावतात आणि दोन्हींचा संबंध आहे हे कुणी सांगत नाही. पोराला वाटतं शाळेतलं वेगळं, शेतातलं वेगळं.

दुसरी गोष्ट पोत्याची. ०:५२:३४ हे खत आपल्याकडं कोण वापरत नाही? त्याचं नाव मोनो पोटॅशियम फॉस्फेट. सूत्रात एक पोटॅशियम, दोन हायड्रोजन, एक फॉस्फरस, चार ऑक्सिजन. नववीच्या पोराला अणुवस्तुमानं पाठ असतात: ३९, १, ३१, १६. बेरीज करा. ३९ अधिक २ अधिक ३१ अधिक ६४, एकूण १३६. त्यात फॉस्फरस ३१, म्हणजे साधारण २३ टक्के. पोटॅशियम ३९, म्हणजे साधारण २९ टक्के. मग पोत्यावर ५२ आणि ३४ कुठून आले? खताच्या व्यवहारात फॉस्फरस आणि पोटॅशियम निव्वळ मोजत नाहीत, त्यांच्या ऑक्साइडच्या रूपात मोजायची जुनी रीत आहे. तसं मोजलं की आकडे बरोबर ५२ आणि ३४ च्या आसपास येतात. लबाडी नाही, रीत आहे. पण पंचवीस किलोच्या पोत्यात निव्वळ फॉस्फरस पावणेसहा किलोच्या जवळपास आणि पोटॅशियम सातेक किलो, हे किती बागायतदारांना माहीत आहे? एका खताची दुसऱ्या खताशी किंमत ताडून बघायची तर हाच हिशोब लागतो. 'द्रव्याचे मोजमाप' हा धडा या एका पोत्यावर शिकवता येतो. पोतं रिकामं चालेल, फुकट मिळेल.

तिसरी गोष्ट बेदाण्याची. द्राक्षं शेडवर टाकायच्या आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात. मण्याच्या सालीवर मेणचट थर असतो, तो या पाण्यानं मोडतो, म्हणून आतलं पाणी लवकर उडतं आणि आठवड्यांचं काम दिवसांवर येतं. पुढं रंगासाठी गंधकाची धुरी. आम्लारी, क्षार, अधातूचं ऑक्साइड, सगळा नववीचा अभ्यासक्रम एका शेडमध्ये. त्या शेडमध्ये धुरीच्या वेळी आपल्या आयाबहिणी काम करतात. गंधक जळून जो वायू होतो तो ओलाव्याशी मिळून आम्ल बनवतो, मग तो डोळ्यांच्या आणि नाकाच्या ओलाव्यात काय करत असेल? नाकाला नुसता पदर बांधून भागणार नाही, हे ज्या पोराला कळलंय ते घरी जाऊन आईला सांगेल. 'अधातूंची ऑक्साइडे आम्लधर्मी असतात' हे वाक्य एका गुणासाठी पाठ केलेलं पोरगं सांगणार नाही.

आणि चौथी गोष्ट पुन्हा इरळी. आपल्या भागात निळे ड्रम, पांढरे कॅन, नाकाला झोंबणारा वास ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. बागेसाठी, शेडसाठी, कशाकशासाठी रसायनं येतात. कुठल्या ड्रममध्ये काय आहे, लेबलावर काय लिहिलंय, हे एवढं कशाला लागतं, असं विचारायला थोडीफार रसायनाची भाषा यावी लागते. ती भाषा आपण पोरांना दिली नाही. ज्यांना ती येते ते तिचा बाजार मांडतात आणि बाकीचा तालुका बातम्या वाचतो.

आता मिठाच्या पिवळ्या ज्योतीकडं येऊ, कारण त्या पोरीचं उत्तर द्यायचं राहिलंय. ज्योतीच्या उष्णतेनं सोडियमच्या बाहेरच्या कक्षेतला तो एकटा इलेक्ट्रॉन वर उडी मारतो, आणि खाली परत येताना ठरावीक पिवळा प्रकाश सोडतो. 'दोन, आठ, एक' मधला तो 'एक' म्हणजे हाच. मोरचूद टाकलं तर ज्योत हिरवी, कारण तांब्याच्या उड्या वेगळ्या. पोटॅशियमची जांभळट. चुन्यातल्या कॅल्शियमची विटकरी. प्रत्येक मूलद्रव्याचा प्रकाश वेगळा, जशी प्रत्येकाच्या अंगठ्याची खूण वेगळी. अणूच्या आतली रचना डोळ्यांना दिसते ती इथं. खर्च किती? स्पिरिटचा दिवा, तार, चार चिमट्या. वेळ दहा मिनिटं. खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि सर समोर उभे पाहिजेत, एवढीच अट.

या खुणेचा इतिहास तर आपल्या शिवारातून गेला आहे. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण. गुंटूरला जॅन्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ, विजापूरला इंग्रजांची एक तुकडी, आणि जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल. जमखंडी म्हणजे तेव्हा पटवर्धनांचं संस्थान, आपल्या सांगली-मिरजेच्याच घराण्यातलं, कवठ्यापासून सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटर. त्या दिवशी ढग येत-जात होते, तरी हर्शेलनं वर्णपटदर्शकातून सूर्याच्या कडेच्या ज्वाळांत चमकत्या रेषा पाहिल्या, एक तांबडी, एक नारिंगी, एक निळी. त्यातली पिवळसर-नारिंगी रेषा पहिल्यांदा लोकांना आपल्या मिठातल्या सोडियमची वाटली. पुढं ऑक्टोबरमध्ये लॉकयरनं इंग्लंडमधून ग्रहणाशिवाय ती रेषा पाहिली, नीट मोजली, तर ती सोडियमच्या जागेवर नव्हती, किंचित बाजूला होती. पृथ्वीवर कुणालाच माहीत नसलेलं मूलद्रव्य! सूर्यावरून त्याला नाव दिलं हेलियम. पृथ्वीवर ते रॅम्सेला मिळालं १८९५ मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी.

दर वर्षी १८ ऑगस्टला आपल्या मोबाईलवर मेसेज फिरतो की हेलियमचा शोध लॉकयरनं विजयदुर्गावरून लावला. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात. कोकणाचा अभिमान आहेच, पण १८६८ ला लॉकयर इंग्लंडमध्ये होता. तो विजयदुर्गाला आला १८९८ च्या जानेवारीत, दुसरं ग्रहण बघायला. दोन ग्रहणं आणि तीस वर्षं आपण एका मेसेजात कालवली. जे खरंच घडलं, जमखंडीचं, ते कुणी फॉरवर्ड करत नाही, कारण ते कळायला 'रेषा' म्हणजे काय हे माहीत पाहिजे. बुटाचं खोकं आणि जुनी सीडी एवढ्यावर प्रकाशाचं पृथक्करण करणारं साधन पोरं स्वतः बनवू शकतात. किती शाळांत बनवलं? तेच कणाद मुनींचं. अडीच हजार वर्षांपूर्वी अणू सांगितला म्हणून छाती फुगवतो. त्यांनी विचार मांडला, त्याचा मान आहेच. पण विचारणाऱ्या माणसाचा वारसा सांगायचा आणि वर्गात विचारणाऱ्या पोराला "खाली बस" म्हणायचं, हे कसं जमतं आपल्याला?

मग दोष कुणाचा? सगळं शिक्षकांच्या डोक्यावर टाकणाऱ्यांतला मी नाही. एका विज्ञान शिक्षकाला तीन वर्गांचं विज्ञान, वर गणित, वर ऑनलाइन माहिती भरणं, वर निवडणुकीची कामं. डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं निर्णय काढला की अनुदानित शाळांतली चतुर्थश्रेणीची पदं माणूस निवृत्त झाला की संपणार आणि त्या जागी शाळेला ठोक भत्ता मिळणार. त्या चतुर्थश्रेणीत प्रयोगशाळा परिचरही येतो. बाटल्यांना लेबलं लावणारा, नळ्या धुणारा, आम्ल पातळ करून ठेवणारा माणूस. तो गेला की चावी शिक्षकाकडं, आणि शिक्षकाला वेळ नाही. ॲसिड सांडलं, पोराचा हात भाजला तर पालक आधी शाळेत आणि मग पोलीस ठाण्यात जाणार, ही भीती वेगळीच. म्हणून कुलूप. कुलूप सगळ्यात सुरक्षित.

आणि या सगळ्यावर राज्यानं औषध काय काढलं? ऑक्टोबर २०२४ मध्ये शालेय अभ्यासक्रमाच्या आराखड्यातली तरतूद बाहेर आली: दहावीला गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी पुढं जाता येईल, पण गुणपत्रिकेवर शेरा पडेल की याला पुढं गणित-विज्ञानाकडं जाता येणार नाही. हेतू सांगितला तो चांगला आहे. या दोन विषयांपायी पोरं शाळा सोडतात, त्यांना वाट मोकळी करायची. नापासाच्या शिक्क्यानं किती पोरींची लग्नं लवकर लागली हे गावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही, त्यामुळं तो हेतू मी झटकून टाकणार नाही.

पण शेरा कुणाच्या गुणपत्रिकेवर पडणार ते बघा. सांगली-पुण्याच्या क्लासमधल्या पोराच्या? लातूरला लाखभर फी भरून पाठवलेल्या पोराच्या? तो पडणार ऊसतोडीला आईबापाबरोबर चार महिने जाऊन आलेल्या पोराच्या गुणपत्रिकेवर. ज्या शाळेची प्रयोगशाळा कधी उघडलीच नाही, तिथल्या पोरीच्या गुणपत्रिकेवर. तिला विज्ञान जमत नाही असा दाखला सरकार देणार, जे विज्ञान तिला कुणी दाखवलंच नाही. आणि प्रात्यक्षिकाचे वीसपैकी वीस आपण आधीच वाटत असताना पास होण्याची रेषा वीसवर आणली, तर पेपर लिहायचा तरी कशाला? नियम बारकाईनं कसेही लिहोत, गावातल्या पोराला निरोप एकच पोचतो: तुझ्याकडून आमची काही अपेक्षा नाही.

"पण खेड्यात प्रयोग वगैरे जमत नाही हो." जमतं. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ ला सोळा शाळांत सुरुवात झाली. साध्या सरकारी शाळा. पाठांतर बंद, पोरांनी गटात प्रयोग करायचे, निरीक्षण लिहायचं, त्यावर वाद घालायचा. परीक्षेत पुस्तक उघडायला परवानगी आणि प्रयोग करून दाखवणं सक्तीचं. हे वाढत वाढत शेकडो शाळांत गेलं आणि तीस वर्षं चाललं. २००२ मध्ये सरकारनं ते बंद केलं, पोरांना जमलं नाही म्हणून नव्हे. आपल्याकडं मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, पुण्यात आयुकात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो प्रयोग उभे करून फुकट खुले ठेवले आहेत. मराठीतूनही आहेत. साधनं नाहीत हे कारण आता टिकत नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. मंत्रालयाच्या नाहीत, तालुक्याच्या आहेत.

एक. पालकसभेत निकालाची टक्केवारी विचारायच्या आधी विचारा: या वर्षी आठवी, नववी, दहावीच्या पोरांनी स्वतःच्या हातानं कोणते प्रयोग केले? तारखा दाखवा. सरांनी लांबून दाखवलेला प्रयोग धरायचा नाही.

दोन. वर्षाला पाच प्रयोग प्रत्येक पोराच्या हातून झालेच पाहिजेत. ज्योतीचे रंग. मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा. विहिरीत टाकायच्या त्या लाल औषधाचा, पोटॅशियम परमँगनेटचा, एक खडा पाण्यात विरघळवून दहा-दहा पट पातळ करत जाणं आणि रंग कुठवर दिसतो ते बघणं, म्हणजे कण किती बारीक असतात ते कळतं. नऊ व्होल्टची बॅटरी आणि पेन्सिलीच्या दोन शिशांनी पाण्याचं विघटन, एका बाजूला वायू दुसरीच्या दुपटीच्या आसपास. आणि खताच्या पोत्याचा हिशोब. पाचही प्रयोगांचं सामान एका वर्गासाठी एका गणपती मंडळाच्या एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात येऊन वर्गणी उरेल.

तीन. माजी विद्यार्थ्यांनो, तुम्ही शाळेला कमान देता, पाण्याची टाकी देता, स्टेजला फरशी बसवता. एक वर्ष प्रयोगशाळेच्या माणसाचा पगार द्या. कमानीवर नाव लागतं, यावर लागणार नाही, हे आधीच सांगतो.

चार. कृषी सेवा केंद्रवाले, बेदाणा शेडवाले, पाणी तपासणारे, निवृत्त केमिस्ट्रीचे प्राध्यापक. महिन्यातून एक तास शाळेत जा. विळ्याचं पातं घेऊन जा.

पाच. शिक्षण खात्यानं प्रात्यक्षिकाची तपासणी एकदा तरी न कळवता करावी. शाळा बंद पाडायला नाही, बाटल्यांना लेबलं आहेत का एवढं बघायला.

हा आर. आर. आबांचा मतदारसंघ आहे. ग्रामविकास मंत्री असताना आबांनी गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं आणि गावागावांत लोकांनी स्वतः झाडू हातात घेतला, कारण शेजारच्या गावापेक्षा आपलं गाव पुढं पाहिजे होतं. तीच ईर्ष्या एक वर्ष प्रयोगशाळेच्या कुलपासाठी लावता येणार नाही? कुठल्या गावातल्या हायस्कूलची प्रयोगशाळा आठवड्याला किती तास उघडी, याची स्पर्धा लावा. बातमी मी छापतो, फोटोसकट, जाहिरात न मागता.

तोवर आजच्या आज एक काम. रात्री जेवणं झाली की घरातल्या पोरांना गॅसजवळ बोलवा, तुम्ही स्वतः जवळ थांबा, आणि ज्योतीवर चिमूटभर मीठ टाका. रंग बघा. मग पोरांना सांगा, उद्या सरांना विचार, असं का होतं. सरांनी सांगितलं तर त्यांना माझा नमस्कार सांगा. "पेपरला येत नाही" असं उत्तर आलं तर परवा तुम्ही स्वतः शाळेत जा आणि मुख्याध्यापकांना विचारा, प्रयोगशाळेची चावी कुणाकडं आहे.